मोती आणि कमल बस्ती

मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याचा मोती माझ्या गळ्यात पडला. आता रविवारी सकाळी आम्ही दोघं त्याला घेऊन हिंडलग्याहून कॅम्पातनं चालत बेळगावच्या किल्ल्यात जातो. खंदक आला की तो साखळी ओढतो. गवतात कसला वास येतो कोण जाणे!

किल्ल्यातली कमल बस्ती इ.स. १२०४ची. सौंदत्तीच्या रट्टांपैकी चौथा कार्तवीर्य राजा, त्याचा मंत्री बिचिराज. त्यानं ही बांधली. पुढं आदिलशाही आली, मराठे आले, इंग्रज आले. मंडपाच्या छतातलं दगडी कमळ मात्र अजून तसंच उमललेलं.

आत कुत्र्याला नेता येत नाही, म्हणून आम्ही पाळीपाळीनं दर्शन घेतो. मूलनायक नेमिनाथ. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून ज्यांनी वरातीतूनच रथ माघारी फिरवला, तेच. नवरीच्या साजात वाट बघणाऱ्या राजुलला काय वाटलं असेल, हे मला माझ्या लग्नापासून छळतंय. पुढं तीही गिरनारला गेली, दीक्षा घेतली.

परवा हात जोडले नि बाहेरून मोत्याचं केकाटणं ऐकू आलं. णमोकार अर्धाच राहिला, तशीच बाहेर आले. हे म्हणाले, "एवढ्यात झालं दर्शन?"