दारफाळणीचा सण आणि योम किपूर : अमेरिकेतील ज्यू सणांचे मराठी नाते

अमेरिकेतील बहुतेक कार्यालयांच्या दिनदर्शिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास रोश हशाना आणि योम किपूर ही दोन नावे आढळतात. यांपैकी एकही दिवस संघराज्याची सार्वजनिक सुट्टी नाही. न्यूयॉर्क शहरातील सरकारी शाळा मात्र त्या दिवशी बंद असतात. प्यू संशोधन केंद्राच्या २०२० च्या पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ७५ लाख ज्यू राहतात, त्यामुळे या सणांशी प्रत्येक मराठी नोकरदाराचा कधी ना कधी संबंध येतोच. ही नावे त्याला परकी वाटतात. वस्तुतः यांतील अनेक सणांना मराठीत जुनी, स्वतंत्र नावे आहेत आणि ती भाषांतराने आलेली नाहीत.

ती नावे कोकणातील बेने इस्राएल समाजाची. अलिबागजवळ नवगाव येथे जहाज फुटून वाचलेल्या सात जोडप्यांपासून आपला वंश वाढला, अशी या समाजाची परंपरा सांगते. तेल गाळण्याचा व्यवसाय आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्याची रीत यांमुळे शेजारी त्यांना शनिवार तेली म्हणत. पेणकर, रोहेकर, दिवेकर ही त्यांची गावांवरून पडलेली आडनावे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेला आणि १९३७ मध्ये तेल अविव येथे प्रसिद्ध झालेला समाजाचा इतिहास हा या सणांच्या नावांचा महत्त्वाचा आधार आहे.

आधी पंचांगाविषयी. ज्यू महिने चांद्र आहेत आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी १९ वर्षांत सात अधिक महिने धरले जातात. हे गणित मराठी वाचकाला नव्याने समजावण्याची गरज नाही. परिणामी पुष्कळ वर्षी दोन्ही पंचांगे हातात हात घालून चालतात. २०२५ मध्ये रोश हशाना घटस्थापनेच्या संध्याकाळी सुरू झाला, योम किपूर दसऱ्याच्या दिवशी आला, सुक्कोथची पहिली रात्र कोजागरीची होती आणि त्याआधी वसंतात पेसाहची पहिली रात्र हनुमान जयंतीची. ज्यू पंचांगात अधिक महिना नेहमी अदारचाच असतो, आपल्याकडे तो वेगवेगळ्या महिन्यांना लागतो. म्हणून काही वर्षी महिनाभराचे अंतर पडते. २०२३ मध्ये रोश हशाना गणेशचतुर्थीच्या आधीच येऊन गेला. दिवसाची गणना सूर्यास्तापासून होते, हेही ध्यानात ठेवावे. दिनदर्शिकेत एखादा सण मंगळवारी छापला असेल, तर ज्यू सहकारी सोमवारी दुपारीच घरी निघतो.

रोश हशाना हे नववर्ष. शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग फुंकले जाते, सफरचंद मधात बुडवून खाल्ले जाते. कोकणात याचे नाव ‘नव्याचा सण’. तो तेथे एकच दिवस पाळत. अमेरिकेतील सनातनी आणि कॉन्झर्व्हेटिव्ह सभास्थाने दोन दिवस पाळतात, रिफॉर्म पंथाची अनेक सभास्थाने एकच. दहाव्या दिवशी येणारा योम किपूर हा प्रायश्चित्ताचा निर्जळी उपवास, सुमारे २५ तासांचा. त्याला मराठीत ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे बंद करून घेण्याचा दिवस, म्हणत. स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून कुटुंबे सूर्यास्तापूर्वी घरात शिरत आणि दुसऱ्या दिवशी रात्र होईपर्यंत बाहेरच्या माणसांशी व्यवहार ठेवीत नसत. त्यानंतरचा दिवस ‘शिळा सण’. त्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्म होई. अमेरिकेत योम किपूर घरात नव्हे, तर सभास्थानात साजरा होतो. एरवी तेथे न फिरकणारेही त्या दिवशी येतात. बेसबॉलपटू सँडी कोफॅक्स याने ६ ऑक्टोबर १९६५ रोजी योम किपूरमुळे वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना खेळण्यास नकार दिला, ही गोष्ट अमेरिकी ज्यू घरांत आजही सांगितली जाते. योगायोग असा, की तीनच दिवस आधी, ३ ऑक्टोबरला, भारतीयांना या देशाचे दार उघडणाऱ्या स्थलांतर कायद्यावर सही झाली होती. योम किपूरला कोणाचे अभिनंदन करू नये. उपवास सुखरूप पार पडो, एवढे म्हणणे पुरे.

मराठी नावांतले सर्वांत बोलके नाव पेसाहचे आहे : ‘अनशी ढाकाचा सण’. इजिप्तच्या दास्यातून झालेल्या सुटकेचा हा सण. या काळात आंबवलेले पदार्थ वर्ज्य असतात. केहिमकरांच्या विवेचनानुसार हे नाव आंबट पातळ पदार्थाचे भांडे झाकून ठेवण्याच्या रीतीवरून पडले. सुटकेची कथा विस्मरणात गेली होती, भांडे झाकण्याची रीत मात्र टिकली. धर्मग्रंथ हाताशी नसताना स्वयंपाकघराने काय जपून ठेवले, याचे हे उदाहरण विलक्षण आहे. पुढे १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू व मराठीत सचित्र हगादा छापला गेला आणि कथाही घरी परतली.

याच सणात अमेरिकेतील मराठी ज्यू कुटुंबापुढे भाताचा प्रश्न उभा राहतो. मध्य व पूर्व युरोपातून आलेल्या अश्केनाझी ज्यूंच्या परंपरेत पेसाहच्या आठ दिवसांत तांदूळ आणि डाळीही निषिद्ध आहेत, आणि अमेरिकेतील बहुसंख्य ज्यू अश्केनाझी आहेत. बेने इस्राएल पेसाहला भात खात आले. सासर-माहेर वेगळ्या परंपरांचे असेल, तर ताटातील भातावरून घरात वाद होऊ शकतो. कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या धर्मसमितीने २०१५ मध्ये तांदूळ व कडधान्यांना परवानगी दिली, म्हणजे या बाबतीत कोकणी रीत आता तेथेही मान्य झाली असे म्हणता येईल.

पुरीम हा वसंतातील आनंदाचा सण. एस्तेर राणीची कथा वाचायची आणि दुष्ट हामानचे नाव येताच गोंगाट करायचा. अमेरिकेत मुले सोंगे घेतात, त्रिकोणी हामानताशेन खातात. कोकणात तो फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येई म्हणून ‘होळीचा सण’ झाला आणि पुरणपोळीही त्याच्याबरोबर आली. मंदिराच्या विनाशाचा शोकदिन तिशा बआव, त्याला मोड आलेल्या वालांवरून ‘बिरड्याचा सण’ म्हणत. एलूल महिन्यातील उपवासांना तर चक्क ‘रमजान’ असे नाव होते; शेजार कोणाचा होता, हे त्यावरून कळते.

या यादीत हनुकाचे नाव नाही. अमेरिकेत नाताळाच्या सान्निध्याने मोठा झालेला, १९७९ पासून व्हाइट हाउससमोरील हिरवळीवर दीप उजळून साजरा होणारा हा सण बेने इस्राएलांना पूर्वी ठाऊकच नव्हता. कोचीन आणि इतर ठिकाणच्या ज्यूंच्या संपर्कातून तो आला. त्यांचे पूर्वज इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातील मक्काबींच्या विजयाआधीच मायदेश सोडून निघाले असावेत, असा तर्क यावरून काही जण करतात. तर्क आकर्षक आहे, निर्णायक नाही; विस्मरणही तेवढेच शक्य आहे.

अमेरिकेतील बेने इस्राएल संख्येने थोडे. मुले धर्मशिक्षण अश्केनाझी वर्गांत घेतात आणि सणांची हिब्रू नावे शिकतात. दारफाळणी, बिरडे हे शब्द आजी-आजोबांबरोबर मागे पडत आहेत. न्यूयॉर्कमध्ये रब्बी रोमिएल डॅनियल यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली भारतीय ज्यूंची मंडळी मोठ्या सणांना स्वतःच्या चालींवर प्रार्थना करते. सर्वांत चिवट ठरला आहे तो मलिदा. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, सुकामेवा आणि भोवती फळे, असे ताट मांडून एलियाहू हनबीचे, म्हणजे प्रेषित एलियाचे, स्मरण करायचे. नवे घर, बारसे, साखरपुडा, कोणतेही निमित्त चालते. वृक्षांच्या नववर्षाला, तू बिश्वातला, त्याला विशेष मान. त्या दिवशी अलिबाग तालुक्यातील खंडाळे येथे, जिथे एलियाच्या रथाची चाकोरी खडकावर उमटली असे मानतात, भाविक जमतात. क्वीन्समध्ये तेव्हा ऐन हिवाळा असतो आणि झाडांवर पानही नसते. पोहे आणि गूळ भारतीय किराणा दुकानातून आणले जातात.