क्लबची जर्सी, कंपनीचा पगार

वाशीच्या आमच्या सिडको कॉलनीत कट्ट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांत क्रिकेटचे जाणकार डझनभर, हॉकीचे मात्र एकटे आमचे मोठे मामा. हयात रेल्वेच्या कारकुनीत गेली, पण तोंड उघडलं की 'आगाखान'.

मुंबईची आगाखान चषक स्पर्धा १८९६ची. कोलकात्याचा बेटन चषक तिच्याहून वर्षभरानं थोरला. गोऱ्या पलटणी, रेल्वे, कस्टम्स, गोंयकारांचा लुसिटानियन्स यांची नावं मामा नातेवाइकांसारखी घेतात. त्यांच्या वडिलांकडून आलेला एक किस्सा तर ठरलेलाच. मार्च १९२८ मध्ये ऑलिंपिकला निघालेला भारतीय संघ बोटीवर चढण्याआधी मुंबईच्या संघाशी खेळला आणि ३-२ असा हरला. निरोपाला धक्क्यावर माणसं आली तीन. त्या संघातल्या ध्यानचंदांनी हे आत्मचरित्रातच लिहून ठेवलंय. तोच संघ ॲम्स्टरडॅमला २९ गोल करून, एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक घेऊन परतला, तेव्हा मुंबईत स्वागताला हीऽ गर्दी! मामा पुस्ती जोडतात, "पण मुंबईनं हरवलं होतं बरं का त्यांना!"

१९८२चा विश्वचषक मुंबईतच झाला, चर्चगेटजवळच्या हॉकी स्टेडियमवर. वाशीला लोकल यायला अजून दहा वर्षं होती. मामा खाडीपुलावरून बसनं कुर्ला गाठायचे, दादरला गाडी बदलून चर्चगेट. भारत पाचवा आला. अंतिम सामन्यात पाकिस्ताननं पश्चिम जर्मनीला ३-१ असं हरवलं. पाकिस्तानच्या हसन सरदारचं नाव निघालं की मामांची मान आजही आपसूक डोलते.

मामांची स्टिक माळ्यावर आहे. डोकं तुतीच्या लाकडाचं, दांडा वेताचा, मुठीवर सायकलच्या ट्यूबची पट्टी. दर पावसाळ्याआधी तिला जवसाचं तेल लागतं. अशा स्टिकवर त्या काळी घर चालायचं. रेल्वे, टाटा, महिंद्रा, एअर इंडिया, आरसीएफ यांचे संघ होते. खेळ चांगला तर नोकरी पक्की. खडकीचा धनराज पिल्ले मुंबईत आला तो आरसीएफकडून खेळणाऱ्या थोरल्या भावाच्या, रमेशच्या आधारानं. तुटक्या स्टिका दोरीनं बांधून खेळलेला हा पोरगा पुढे महिंद्रात आणि मग इंडियन एअरलाइन्समध्ये गेला, चार ऑलिंपिक खेळला. परदेशी क्लबांनीही त्याला बोलावलं: लंडनचा इंडियन जिमखाना, फ्रान्समधला लियॉन, जर्मनीचा श्टुटगार्ट किकर्स, ढाक्याचा अबाहानी.

खरी मेख इथेच आहे. युरोपातला क्लब सभासदांचा असतो. आजोबा, नात, शाळकरी पोरं एकाच मैदानावर एकाच रंगाची जर्सी घालतात आणि वर्गणी भरतात. युरो हॉकी लीग ही तिकडच्या अव्वल क्लबांची स्पर्धा २००७ मध्ये सुरू झाली, ती या पायावर. आपल्याकडे लुसिटानियन्ससारखे थोडे सोडले, तर संघ म्हणजे कंपनीचं खातं. साहेबांनी भरती थांबवली की संघ आटला, आणि संघ आटला की गल्लीतली पोरंही पांगली. हॉकी मागे पडली याचं खापर आपण कृत्रिम मैदानांवर आणि क्रिकेटवर फोडतो. माझ्या मते मालकी खेळणाऱ्यांकडे नव्हती, हे त्याहून मोठं कारण.

नवी मुंबईला मोठे सामने नवे नाहीत. २ नोव्हेंबर २०२५ला भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला तो नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. उद्या इथं जगभरचे हॉकी क्लब खेळवायचे असतील, तर यजमान म्हणून आपलाही क्लब हवा, आणि तो कुठली कंपनी काढून देणार नाही. वाशी, नेरुळ, बेलापूर, घणसोली असे चार संघ आधी आपापसांत खेळू देत. सोसायटीत गणपतीची वर्गणी काढताच ना? यंदा हॉकीचंही एक पावतीपुस्तक छापा.