पेसमेकर बसवला, पण तपासणी कधी? जाणून घ्या सविस्तर

पेसमेकर बसवला, टाके सुकले, चक्कर थांबली की अनेक रुग्ण पुन्हा दवाखान्याकडे फिरकत नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातल्या बऱ्याच रुग्णांना हृदयरोगतज्ज्ञांसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर गाठावे लागते. त्यामुळे ‘त्रास नाही, मग कशाला जायचे?’ असा विचार होतो. मात्र बॅटरी संपत आल्याचे रुग्णाला अनेकदा जाणवतही नाही.

तपासणी किती वेळा?
पहिली तपासणी घरी सोडण्यापूर्वी आणि दुसरी साधारण 2 ते 12 आठवड्यांत होते. त्यानंतर डॉक्टर सांगतील तसे दर 3 ते 12 महिन्यांनी जावे लागते. बॅटरी संपत आली की 1 ते 3 महिन्यांनी बोलावतात.

तपासणीत काय पाहतात?
छातीवर एक छोटे उपकरण ठेवून ‘प्रोग्रामर’ यंत्राने पेसमेकरमधील नोंदी वाचतात. सुई किंवा चिरफाड लागत नाही. बॅटरी किती उरली, तारा नीट आहेत का, ठोक्यांत अनियमितता आली का, हे कळते. जखमेच्या जागी लाली, सूज किंवा पू आहे का, हेही पाहतात.

कार्ड का जपायचे?
एका कंपनीचा प्रोग्रामर सहसा दुसऱ्या कंपनीच्या पेसमेकरवर चालत नाही. म्हणून कंपनी व मॉडेल लिहिलेले कार्ड सोबत ठेवा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. जाण्यापूर्वी फोन करून संबंधित प्रोग्रामर उपलब्ध आहे का, हे विचारल्यास हेलपाटा वाचतो.

बॅटरी संपली तर?
बॅटरी साधारण 8 ते 12 वर्षे टिकते. संपण्याच्या काही महिने आधी पेसमेकर तसा इशारा नोंदवतो. तो तपासणीतच दिसतो. तारा चांगल्या असतील तर फक्त पेसमेकर बदलतात. 1958 मध्ये स्वीडनमध्ये जगातील पहिला पेसमेकर शरीरात बसवलेले आर्ने लार्सन यांना आयुष्यात 20 हून अधिक पेसमेकर लागले. ते 2001 पर्यंत जगले.

घरी काय काळजी घ्यावी?
• मोबाइल शर्टाच्या खिशात नको. पेसमेकरपासून किमान 15 सेंटीमीटर दूर ठेवा.
• इंडक्शन शेगडीपासून सुमारे 2 फूट अंतर राखा.
• वेल्डिंग किंवा एमआरआयपूर्वी डॉक्टरांना विचारा.
• चक्कर, शुद्ध हरपणे, धाप किंवा सतत उचकी लागल्यास तारखेची वाट न पाहता दवाखान्यात जा.

रुग्णाचा मृत्यू झाल्यास दहनापूर्वी पेसमेकर काढणे आवश्यक असते, कारण आगीत बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. घरच्यांना हे आधीच माहीत असावे.