टोर्नेडोची श्रेणी: पंचनाम्याच्या बाजूने

३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमा राज्यात एल रेनो गावाच्या दक्षिणेला उतरलेला टोर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद होता. अमेरिकेच्या अधिकृत नोंदींत याहून रुंद टोर्नेडो नाही. ट्रकवर बसवलेल्या डॉप्लर रडारने त्यात ताशी ४७५ किलोमीटरच्या आसपास वारे टिपले. टोर्नेडोंचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेले टिम समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघेही त्यात मरण पावले. तिथल्या राष्ट्रीय हवामान सेवेने त्याला आधी ईएफ-५ ही सर्वोच्च श्रेणी दिली आणि ऑगस्टअखेर ती ईएफ-३ वर आणली. ईएफ-३ म्हणजे ताशी २१८ ते २६६ किलोमीटरचा वारा. वादळाची वाट मुख्यतः शेतांतून गेली होती, आणि जे मोडले होते त्यावरून याहून वरची श्रेणी सिद्ध होत नव्हती.

तेव्हापासून एक मत पक्के रुजले आहे. वारा प्रत्यक्ष मोजलेला असताना पडक्या भिंतींवरून त्याचा अंदाज बांधणे ही मागासलेली रीत आहे, रडारचा आकडा असेल तिथे श्रेणी त्यावरूनच ठरावी, असे ते मत. या पूर्वपक्षाचे बळ कमी लेखता येणार नाही. संशोधक जोशुआ वुर्मन, कॅरन कोसिबा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली फिरत्या रडारच्या नोंदी तपासून दाखवले की पाहणीतून मिळालेली श्रेणी रडारच्या तुलनेत सरासरी एकाहून अधिक पायऱ्यांनी खाली पडते. ही तफावत खरी आहे. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही.

ही श्रेणी ज्यांनी मुळात आखली त्या तेत्सुया फुजिता यांनी १९७१ साली काय केले ते आधी पाहू. हिरोशिमा आणि नागासाकीच्या अवशेषांतून, वस्तू कोणत्या दिशेने भाजल्या आणि आडव्या झाल्या यावरून, स्फोटाची जागा व उंची शोधणाऱ्यांपैकी ते एक. (नागासाकीवर पडलेला बॉम्ब आधी कोकुरासाठी निघाला होता, आणि फुजिता तेव्हा कोकुरातच शिकवत होते.) उद्ध्वस्त जागा वाचण्याची ही शिस्त त्यांनी शिकागो विद्यापीठात टोर्नेडोंना लावली. वाऱ्याच्या बोफर्ट मापाचा बारावा टप्पा आणि ध्वनीचा वेग यांच्यामध्ये त्यांनी बारा पायऱ्या आखल्या आणि त्यातल्या पाचांना नुकसानीची वर्णने जोडली. वाऱ्याचे आकडे मोजलेले नव्हते, अनुमानाचे होते. पुढे टेक्सास टेक विद्यापीठातल्या अभियंत्यांनी दाखवले की घर जमीनदोस्त व्हायला फुजितांना वाटले होते तेवढा वारा लागत नाही. २००७ साली सुधारित श्रेणी, म्हणजे ईएफ, लागू झाली तेव्हा पाचव्या पायरीचा उंबरठा ताशी सुमारे ४२० वरून ३२२ किलोमीटरवर आला. आकडा शंभराने उतरला, तरी पायावरून साफ पुसले गेलेले भक्कम घर पाचव्या पायरीवरच राहिले. श्रेणीचा पाया नुकसान हा आहे, वेग हे त्यावरून काढलेले अनुमान आहे. ‘ईएफ-३ म्हणजे मध्यम वादळ’ असे वाचणाऱ्याची चूक मापाच्या माथी मारणे न्यायाचे नाही.

रडार मोजते ते काय, हाही प्रश्न आहे. ईएफचा आकडा म्हणजे जमिनीपासून दहा मीटरवरचा, तीन सेकंदांच्या झोताचा वारा. रडारचा किरण बहुधा त्याहून वर फिरतो आणि छोट्या, धावत्या उपभोवऱ्यातला क्षणिक वेगही टिपतो. आणि तो टिपतो किती ठिकाणी? अमेरिकेत वर्षाला हजाराच्या वर टोर्नेडो होतात. फिरती रडारे पोहोचतात ती मोजक्यांपर्यंत, तीही मुख्यतः ओक्लाहोमा-कॅन्ससच्या उघड्या माळावर, जिथे रस्ते सरळ आणि नजर लांब जाते. अलाबामा-टेनेसीच्या झाडीत रात्री उतरणाऱ्या वादळाच्या मागे सहसा कोणी जात नाही. एकाच रकान्यात माळावरच्या वादळांना रडारची श्रेणी आणि झाडीतल्यांना पाहणीची श्रेणी लिहिली, तर तीस वर्षांनी कोणी अभ्यासक माळावरची वादळे अधिक बळकट ठरवील, आणि तो निष्कर्ष निसर्गाचा नसून आपल्या गाड्यांच्या वाटांचा असेल. जुन्या नोंदी तरी कुठे एकसारख्या आहेत, असे कोणी म्हणेल. खरेच आहे. १९५० पासूनच्या कित्येक श्रेणी वर्तमानपत्रांतली कात्रणे वाचून मागाहून दिल्या गेल्या. पण म्हणून त्याच रकान्यात आणखी एक विसंगती जाणूनबुजून घालण्याचा परवाना मिळत नाही.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पाहणीची दुसरी बाजू. पाहणी करणारा अधिकारी अठ्ठावीस प्रकारच्या ‘नुकसान-निदर्शकां’पैकी समोर काय आहे ते ओळखतो आणि मग वाकून पाहतो: भिंतीचा तळलाकडी पट्टा काँक्रीटच्या पायाला बोल्टने आवळला होता की नुसत्या खिळ्यांनी ठोकला होता? बोल्टवर नट आणि वॉशर होते का? खिळ्यांवर उभे घर साफ गेले असेल तर त्याला सर्वोच्च श्रेणी मिळत नाही. यावर लोक चिडतात, कारण घर गेले ते गेलेच. पण या वाकून पाहण्यातूनच कळते की माणसे कशामुळे दगावली. २० मे २०१३ च्या मूर शहरातल्या ईएफ-५ टोर्नेडोने २४ जीव घेतले. अभियंत्यांच्या पाहणीत दिसले की अनेक घरांत आधी गॅरेजचे दार आत कोसळले, वारा शिरला आणि छत उचलले गेले. २०१४ साली मूरने नवा बांधकाम नियम केला: ताशी २१७ किलोमीटरच्या वाऱ्याला टिकणारी घरे, भक्कम गॅरेज-दारे, छत आणि भिंत जखडणाऱ्या पट्ट्या. रडारच्या कोणत्याही आकड्यातून हा नियम निघाला नसता.

पाहणीत उणिवा आहेत, आणि त्या पाहणीच्याच अंगाने भरता येतात. २० जून २०२५ रोजी नॉर्थ डकोटातल्या एंडरलिनजवळ टोर्नेडोने मालगाडीचे डबे उडवले. एक रिकामा टँकर सुमारे १४५ मीटर दूर पडला. रेल्वेचा डबा त्या अठ्ठावीस निदर्शकांत नाही. तज्ज्ञांनी डब्याचे वजन आणि फेक यांचे गणित मांडले आणि ऑक्टोबरमध्ये त्या वादळाला ईएफ-५ श्रेणी मिळाली, मूरनंतरची पहिलीच. युरोपीय संशोधकांनी २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय फुजिता श्रेणीतही वाहने आणि झाडे यांना जागा आहे. निदर्शकांची यादी अशीच वाढत गेली पाहिजे. रडारच्या आकड्यांना मात्र नोंदवहीत शेजारी वेगळा रकाना हवा, उंची आणि कालावधीच्या नोंदीसह. एल रेनोपुढे ईएफ-३ आणि ४७५ हे दोन्ही आकडे एका ओळीत दिसू देत, आणि ईएफ-३ च्या आधी ‘किमान’ एवढा एक शब्द छापला जावा.