तळे कोणाचे, गाव कोणाचे?

पुण्याहून लोहमार्गाने मुंबईकडे निघाले की मावळात तळेगाव दाभाडे लागते. मावळच्या शेतकऱ्यांची ही जुनी बाजारपेठ. आज कारखान्यांनी वेढलेले हे शहर कालपर्यंत लहानसे शेतीचे गाव होते. त्याच्या नावाची उकल शाळकरी मुलगाही करील: तळ्याचे गाव ते तळेगाव, आणि दाभाडे सरदारांचे म्हणून तळेगाव दाभाडे. पण इतिहासाच्या अभ्यासकाने एवढ्यावर थांबता कामा नये.

तळेगावे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. शिरूर तालुक्यात तळेगाव ढमढेरे, संगमनेरकडे तळेगाव दिघे. एकाच नावाची गावे ओळखायची कशी, तर त्यांना दुसरा शब्द जोडून. पुणे परिसरातील लोणी काळभोर, मांडवगण फराटा ही नावेही याच घडणीची. नावाचा पहिला भाग निसर्गाचा, दुसरा बहुधा वतनदार घराण्याचा. खंडेराव दाभाडे यांना शाहू छत्रपतींनी १७१७ मध्ये सेनापतिपद दिले. त्यांचा पुत्र त्रिंबकराव १७३१ मध्ये डभईच्या रणात बाजीरावाविरुद्ध लढताना पडला. पुढे उमाबाईंनी दौलत सांभाळली. हा इतिहास पराक्रमाचा आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे: गावाच्या नावात तळे आले, सरदार आला, गावगाडा ज्यांच्या खांद्यावर चालला ते कोठे आहेत?

वेस राखायची महाराने, सरकारी टपाल आणि सारा पोचवायचा महाराने, मेलेले ढोर ओढायचे महाराने. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की साक्षही त्याचीच घ्यायची, कारण शिवेचा दगड न् दगड त्याला ठाऊक. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरे, त्याला गावकुसाच्या आत घर नव्हते! त्याचेही वतनच होते. पण दाभाड्यांच्या वतनाने नाव दिले, महाराच्या वतनाने वेठ दिली. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती व्हावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक मांडले, ते याच गुलामगिरीविरुद्ध. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ मध्ये.

आता नावाचा पहिला भाग पाहू. ज्या पाण्यावरून गावाला नाव मिळते, ते पाणी गावातल्या सर्वांचे असते काय? महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर मोकळे झाले. कागद पाण्यापर्यंत पोचेना, म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. त्या तळ्याचा निकाल हायकोर्टाने आपल्या बाजूने दिला तो १९३७ मध्ये. दहा वर्षे, एका ओंजळीसाठी! आणि चवदार तळ्याच्या या नेत्याने पुढे बंगला घेतला तो तळेगाव दाभाडे येथेच. तळ्याच्या नावाचे गाव आणि तळ्याचा सत्याग्रही यांची ही भेट गावाच्या नावाची उकल सांगताना कोणी सांगत नाही.

गावकुसाबाहेर मात्र नाव होतेच: महारवाडा, मांगवाडा, चांभारवाडा. तेथे नावाला घराणे नव्हते, जात होती. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला; समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे सुचविली. निर्णय योग्यच आहे. अपमान पाटीवर मिरवण्याचे काही कारण नाही. पण पाटी बदलली म्हणून वस्ती जागची हलत नाही. ती गावाच्या कोणत्या बाजूला आहे, तिच्या पाणवठ्याची वाट कोणती होती, तिची जमीन कोणाच्या हाती गेली, हे प्रश्न समतानगरातही उरतातच. उलट, जुन्या नावाबरोबर त्याची आठवणही पुसली गेली, तर अन्यायाचा पुरावाच नाहीसा होईल.

म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी मित्रांना एक सांगणे आहे. आपापल्या गावाच्या नावाची कथा लिहा, पण ती वाड्यावर न थांबता वस्तीपर्यंत न्या. म्हाताऱ्या माणसांना विचारा: पाणी कोठून भरत होता? शीव कोणी दाखवली? वतनाची जमीन कोठे होती? बखरी वाड्यांत लिहिल्या गेल्या. आपली बखर अजून माणसांच्या तोंडी आहे, आणि ती माणसे फार दिवस थांबणार नाहीत.