एक इंजिन की दोन? वेगवान बोटींच्या अभ्यासाची प्रस्तावना

मुळशी धरणात अडलेले पाणी सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याच्या वीजघरात उतरते, तिथून कुंडलिकेत जाते आणि रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. 1927 पासून हे चालू आहे. मी जिथून हे लिहितो ते माण हे गावही मुळशी तालुक्यातलेच. आज ते ओळखले जाते हिंजवडीच्या आयटी पार्कच्या तिसऱ्या टप्प्यामुळे. वजन, वेग आणि ताकद यांची गणिते रोज करणारी तरुण मंडळी या परिसरात भरपूर आहेत. त्यांच्यापैकी ज्यांना पाण्याची ओढ आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे. ज्यांनी इंजिनाला कधी हात लावलेला नाही, पण मांडव्याच्या धक्क्यावर उभे राहून आत येणाऱ्या स्पीडबोटीकडे कुतूहलाने पाहिले आहे, त्यांचेही इथे मनापासून स्वागत आहे.

बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगलेले इंजिन म्हणजे आउटबोर्ड. वेगवान बोट घ्यायची किंवा बांधायची ठरली की पहिला वाद यावरच होतो: एक मोठे बसवायचे की दोन लहान? मी या क्षेत्रात शिरण्याची वाट याच प्रश्नातून काढली आहे, कारण तो सोडवताना बोटीचे जवळजवळ सगळे शास्त्र हाताखालून जाते.

मोटारीचा अनुभव इथे थोडा बाजूला ठेवावा लागतो. रस्ता चाकाखालून सरकत नाही. पाणी सरकते. पंखा पाण्याला मागे रेटतो तेव्हा बोट पुढे जाते आणि पाणीही थोडे मागे जाते, म्हणून पंख्याच्या एका फेऱ्यात हिशेबाने जेवढे अंतर कापले जायला हवे, त्यापेक्षा बोट नेहमी थोडी मागे राहते. शिवाय वेगवान बोट पाणी कापत जात नाही, पाण्यावर चढून धावते. चढण्यापूर्वीचा तो टप्पा, नाळ वर आणि मागची बाजू खाली दबलेली, इंजिनाची खरी परीक्षा घेतो.

आता वजनाकडे येऊ. लाकूड, फायबर, पेट्रोल आणि माणसे मिळून 1700 किलोची बोट धरा. यामाहाच्या 300 अश्वशक्तीच्या व्ही-सिक्स आउटबोर्डचे वजन सुमारे 260 किलो असते आणि 150 अश्वशक्तीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे सुमारे 220. म्हणजे ताकद तेवढीच ठेवून दोन इंजिने लावली, तर मागच्या फळीवर 180 किलो जास्त आले. वेगवान बोटींच्या हिशेबात क्राउचचे जुने सूत्र अजूनही वापरतात. त्याचे सार इतके की वेग हा प्रत्येक अश्वशक्तीमागे येणाऱ्या वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. या सूत्राने एका इंजिनावर ही बोट ताशी 80 किलोमीटर धावत असेल, तर दोन इंजिनांवर ती 77 च्या आसपास येते. त्यात पाण्याखालचा दुसरा गिअरबॉक्स अजून धरलेला नाही. तो पाण्यात असतो आणि सतत अडवत राहतो, आणि हा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. सूत्रातून एक गोष्ट आणखी दिसते: ताकद दुप्पट केली तरी वेग दुप्पट होत नाही. वजन अजिबात वाढले नाही असे मानले तरीही तो फार तर 1.4 पट होतो. 'दोन इंजिने लावली की बोट उडेल' असे मानणाऱ्याने हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडावे.

मार्च 2017 मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटची शर्यत झाली. तिथे धावलेल्या पँथर बोटी 28 फुटी होत्या आणि प्रत्येकीच्या मागे 250 अश्वशक्तीचे एकच आउटबोर्ड होते. शर्यतीची बोट म्हणजे इंजिनांची रांग असणार, हा समज त्या तीन दिवसांत ज्यांनी डोळे उघडे ठेवले त्यांचा तरी दूर झाला असेल. व्ही आकाराच्या तळाच्या बोटीत मधले एकटे इंजिन सगळ्यात खोल, स्वच्छ पाण्यात असते. दोन इंजिने मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना, तळ जिथे वर चढतो तिथे बसतात. ऐन वळणात बोट कलली की त्यांतल्या एकाच्या पंख्यात हवा शिरू शकते.

तरीही दोन इंजिनांची बाजू कमकुवत नाही. दोन पंखे एकमेकांच्या उलट फिरवले की एकट्या पंख्याचा बाजूला ओढणारा जोर नाहीसा होतो आणि सरळ धावताना सुकाणू हातात हलके राहते. कॅटामरान म्हणजे दोन पायांची बोट असेल, तर दोन इंजिने हेच तिचे स्वाभाविक रूप आहे. आणि धक्क्याला लागताना एक इंजिन पुढे, दुसरे मागे टाकून बोट जागच्या जागी वळवता येते. ओहोटीचा ओढा आणि आडवा वारा एकाच वेळी असताना मांडव्याला बोट लावून पाहिलेल्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सगळ्यात जास्त ऐकू येणारा युक्तिवाद मात्र सुरक्षिततेचा: एक बंद पडले तर दुसरे घरी आणेल. मला इथे थोडे थांबायचे आहे, कारण या अभ्यासाचा गाभा इथेच आहे असे मला वाटते.

कोकणच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात बोटी महिनोन्‌महिने वर ओढलेल्या असतात. टाकीत उरलेले पेट्रोल तसेच राहते. 2025 पासून आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये सुमारे 20 टक्के इथेनॉल असते. बहुतेक आउटबोर्ड बनवणारे 10 टक्क्यांपर्यंतच परवानगी देतात. इथेनॉल दमट हवेतली ओल शोषून घेते आणि एका मर्यादेनंतर पाण्यासह पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरची पारदर्शक वाटी हंगामाच्या सुरुवातीला उन्हात धरून बघा: वर पिवळसर पेट्रोल, खाली वेगळ्या छटेचा एक थर आणि मधोमध स्वच्छ आडवी रेघ. इंजिनाला पाइप टाकीच्या तळाजवळूनच जातो. दोन्ही इंजिने एकाच टाकीवर चालत असतील, तर ती एकापाठोपाठ एक, काही मिनिटांच्या अंतराने बंद पडतील. एकच बॅटरी, एकच फिल्टर, एकच मुख्य वायर असेल तरी तेच. सुरक्षितता इंजिनांच्या संख्येतून येत नाही, त्यांच्या स्वतंत्रपणातून येते. टाकी, फिल्टर, बॅटरी वेगवेगळ्या नसतील, तर दुसऱ्या इंजिनाने आणलेले 180 किलो फक्त ओझे आहे.

आणि समजा एकच बंद पडले. उरलेल्याच्या पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात अंतर कापण्याचे माप, दोन्ही इंजिनांच्या भरधाव वेगासाठी निवडलेला असतो. अर्ध्या ताकदीवर तो पंखा इंजिनाला जड जातो, फेरे चढत नाहीत, जिथे ताकद मिळते तिथपर्यंत इंजिन पोचतच नाही. बंद इंजिन वर उचलले नाही तर ते वेगळे ओढत असते. सूत्र ताशी 50 किलोमीटरहून जास्त वेग दाखवते, पण प्रत्यक्षात अनेक बोटी पाण्यावर चढतसुद्धा नाहीत, कासवगतीने घरी येतात. कासवगतीने येणेही मोलाचे आहे, फक्त पेट्रोल आणि दिवसाचा उजेड त्या गतीने मोजून निघायला हवे.

माणच्या वाचकासाठी एक खास गोष्ट. मुळशीच्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर वर आहे. साधे, सुपरचार्जर नसलेले इंजिन दर तीनशे मीटरला सुमारे 3 टक्के ताकद गमावते. म्हणजे घाटमाथ्यावरच्या तलावात 300 अश्वशक्तीचे इंजिन 282 च्या आसपास देईल. तिथे जुळवलेला कमी पिचचा पंखा ताम्हिणी उतरून माणगावमार्गे किनाऱ्यावर नेला, तर खालच्या दाट हवेत इंजिन ठरलेल्या फेऱ्यांच्या पुढे पळेल. म्हणून दोन ठिकाणांसाठी दोन पंखे लागतात. दोन इंजिने असतील, तर चार. ट्रेलरवरचे वाढीव वजन घाटाच्या उतारावर ब्रेकला किती जाणवते, हेही याच हिशेबात धरावे.

18 डिसेंबर 2024 ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी चालू असताना नौदलाची एक वेगवान बोट ताबा सुटून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली. डझनाहून जास्त माणसे गेली. या घटनेनंतर चाचणीची जागा, प्रवासी मार्गापासूनचे अंतर आणि चालकाच्या अंगाला बांधलेली, तो पडताच इंजिन बंद करणारी दोरी हे विषय परिशिष्टात ढकलता येत नाहीत. इंजिन एक असो वा दोन, ती दोरी अंगावर असल्याशिवाय किल्ली फिरवू नये, हे मी पहिल्याच पानांत लिहितो.

माझे मत विचाराल तर, सात-साडेसात मीटरपर्यंतच्या व्ही तळाच्या बोटीला, किनारा दिसत राहील अशा दिवसाच्या फेऱ्यांसाठी, एक चांगले मोठे इंजिन आणि शेजारी स्वतःच्या वेगळ्या डब्यावर चालणारे छोटे राखीव इंजिन ही जोडी मला सगळ्यात पटते. रात्रीची गस्त, दूरचा समुद्र किंवा कॅटामरान असेल तर दोन, पण पूर्ण स्वतंत्र. खर्च आणि सर्व्हिसिंग दुप्पट हे उघडच आहे.

हे मत कायमचे नाही. 2021 मध्ये मर्क्युरीने 600 अश्वशक्तीचे बारा सिलिंडरचे आउटबोर्ड आणले. त्याचे वजन 570 किलोच्या पुढे जाते, म्हणजे वर सांगितलेल्या दोन इंजिनांहूनही जास्त. 'एक म्हणजे हलके' हे समीकरण तिथे मोडते आणि मागच्या फळीची ताकद हाच प्रश्न उरतो. अशा ठिकाणी सूत्रे पुरत नाहीत, नोंदी लागतात. म्हणून पुढची प्रकरणे वाचताना एक वही जवळ ठेवा आणि बोटीवर जाल तेव्हा चार आकडे लिहा: बोटीतले एकूण वजन, जीपीएसवरचा वेग, इंजिनाचे फेरे आणि तासाला जळलेले पेट्रोल. पहिले प्रकरण बोट वजनकाट्यावर घालण्यापासून सुरू होते.

माण, ता. मुळशी, जि. पुणे