राब भाजणारे अडाणी नव्हते : उल्हास खोऱ्यातल्या रोपाच्या मातीची गोष्ट



ट्रेला कोणती माती घ्यायची, कोकोपीट किती, गांडूळखत किती, शेडनेटमधली माती निर्जंतुक कशी करायची, असे प्रश्न सध्या फार येतात. प्रमाण शेवटी देतोच. पण त्याआधी थोडा इतिहास वाचा. कारण "रोपासाठी वेगळी माती बनवायची" ही गोष्ट आपल्याला पिशवीबंद मिश्रण विकणाऱ्यांनी शिकवलेली नाही. बदलापूर, अंबरनाथ, कल्याणच्या भातकऱ्याला ती पिढ्यान् पिढ्या येत होती. तिचं नाव राब.

राब म्हणजे नेमकं काय

जुन्या माणसांना सांगायला नको, पण नव्या पोरांसाठी लिहितो. खाचराच्या कडेची, जरा उंचावरची, पाणी न तुंबणारी जागा रोपाला धरायची. दहा गुंठे लावणीला साधारण एक गुंठा रोप. हिवाळ्यात ऐनाचा, किंजळाचा टहाळ तोडून वाळत घालायचा. मग थर रचायचे. खाली शेण, त्यावर टहाळ, त्यावर पातेरा आणि गवत, आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. हा वरचा मातीचा थर फार महत्त्वाचा. त्यानं पाला वाऱ्यानं उडत नाही आणि जाळ भडकत नाही. पेटवायचा तोही वारा जिकडे जातो त्या टोकाकडून, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू सरकते. भडका नको, धग हवी. जमीन सावकाश भाजली पाहिजे.

पहिल्या पावसात त्या राखेच्या जमिनीत बी फेकलं की रोप काळंभोर, तण नावाला, आणि उपटताना मूळ न तुटता मूठ हातात येते. आपली भारी माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते. भाजलेली माती मात्र रवाळ होते. आवण काढणाऱ्या बायकांना हा फरक पहिल्या मुठीला कळायचा.

1882 साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये राबाची नोंद आहे. भातखाचराला जोडून वरकस जमीन असायची ती नाचणी-वरीसाठी, तशीच राबाच्या गवत-पाल्यासाठी. म्हणजे खाचर, वरकस आणि जंगल हे एकच शेत होतं. कागदावर तीन तुकडे दिसत असले तरी एक काढलं की बाकीची दोन लंगडी.

जंगल कोणी खाल्लं?

1856 साली रेल्वे कल्याणवरून खोपोलीकडे गेली. बदलापूर, वांगणी, नेरळ ही सगळी त्याच रस्त्यावरची गावं. रेल्वेला लाकूड लागत होतं, वाढत्या मुंबईला इमारती लाकूड, सरपण आणि कोळसा लागत होता. 1878 चा जंगल कायदा आला आणि सरकारी जंगलाच्या हद्दी पक्क्या होत गेल्या. ज्या झाडाचा टहाळ आजोबा तोडत होते त्यासाठी नातवाला परवानगी मागायची वेळ आली.

जंगल खात्यातल्या अनेक साहेबांचं म्हणणं सरळ होतं. राब ही उधळपट्टी आहे, अडाणी रीत आहे, झाडं बोडकी होतात, ती बंद करा. शेतकऱ्याचं म्हणणंही तितकंच सरळ होतं. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही, आणि भात नाही तर शेतसारा कुठून भरू?

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या या तक्रारी इतक्या वाढल्या की 1885 साली सरकारला बॉम्बे फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 मध्ये आला. रोपाच्या वाफ्यात काय घालायचं हा प्रश्न सरकारी चौकशीपर्यंत गेला होता, हे लक्षात घ्या. आज आपण कोकोपीटची पिशवी उचलून आणतो, तेव्हा टहाळाच्या भाऱ्यासाठी माणसं भांडत होती.

एक गोष्ट दोन्ही बाजूंनी मान्य करायला हवी. टहाळ तोडण्यानं झाडावर ताण येतोच. दरवर्षी तेच झाड छाटलं तर ते खुरटतं. पण जंगल संपल्याचा सगळा ठपका राबावर टाकायचा आणि रेल्वे, वखार, कोळसा यांची नावं घ्यायची नाहीत, हा हिशेब खोटा होता.

शास्त्रज्ञांनी काय पाहिलं

1889 साली डॉ. वोल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ इंग्लंडहून आले. देशभर फिरून त्यांनी भारतीय शेतीवर लिहिलेला अहवाल 1893 मध्ये निघाला. त्यात राबावर मजकूर आहे. इथल्या शेतकऱ्याला अडाणी ठरवण्याआधी तो असं का करतो ते बघा, हा त्या अहवालाचा एकूण सूर.

खरा खोलात अभ्यास झाला तो पुण्याला. कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांच्यासोबत एन. व्ही. जोशी व एन. व्ही. कानिटकर यांनी 1912 साली पश्चिम भारतातल्या भाताच्या राब पद्धतीवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी ओळखले गेले. राबाचा गुण नुसत्या राखेचा की माती तापण्याचा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. राखेचा हातभार आहेच, पण माती तापली की तिच्यातच बदल होतो, विरघळून मुळाला मिळणारी द्रव्यं वाढतात, जिवाणूंचा हिशेब बदलतो. म्हणजे दुसरीकडे जाळून आणलेली राख पसरली तर अर्धंच काम होतं.

गंमत बघा, त्याच सुमारास, 1909 साली इंग्लंडच्या रोथॅमस्टेडला रसेल आणि हचिन्सन यांनी माती अर्धवट निर्जंतुक केल्यावर काय होतं यावर काम प्रसिद्ध केलं. तापवल्यावर मातीतले काही जीव मरतात, जे उरतात ते झपाट्यानं वाढतात आणि अमोनिया जास्त सुटतो. तिकडचे काचघरवाले मग माती वाफेनं तापवू लागले. आपला भातकरी तेच काम टहाळ पेटवून करत होता. फरक एवढाच की त्यांच्याकडे बॉयलर होता.

कुंडीच्या मातीचं जगातलं गणित

1930 च्या दशकात इंग्लंडच्या जॉन इनेस संस्थेत लॉरेन्स आणि न्यूवेल यांनी कुंडीसाठी ठरावीक मिश्रण बसवलं. 7 भाग पोयटा, 3 भाग पीट, 2 भाग जाड रेती. यातला पोयटा आधी वाफेवर साधारण 80 अंशांपर्यंत तापवायचा. त्यात खूर-शिंगांचा चुरा, सुपर फॉस्फेट, सल्फेट ऑफ पोटॅश आणि थोडी खडूची भुकटी. आजची बहुतेक बंदिस्त शेती याच वाटेनं पुढे आली. परदेशात बंद खोलीत दिव्याखाली गांजा वाढवणारेसुद्धा सेंद्रिय मातीचं मिश्रण याच हिशेबानं जुळवतात. आपल्याकडे 1985 च्या एनडीपीएस कायद्यानं ती लागवड गुन्हा आहे, तेव्हा त्या वाटेला जायचं नाही. पण मिरची, टोमॅटो, झेंडू, भात, कुणाचंही रोप असो, मातीचे नियम तेच. भुसभुशीतपणा, निचरा, ओल धरणं, जुनं कुजलेलं खत आणि रोग-तणापासून सुटका.

दुसरी वाट इंदूरची. तिथे अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी काडीकचरा, शेण आणि मूत मुरलेली गोठ्याची माती थरांत रचून, पाणी देऊन, उलथून कंपोस्ट करायची पद्धत बसवली. त्यांचं पुस्तक 1931 साली निघालं. पुढे हॉवर्डचं नाव जगभर झालं, वाडांचं मागे पडलं. राबाच्या दृष्टीनं यात मोठा धडा आहे. शेण जाळलं की त्यातला नत्र धुरात जातो. तेच शेण कुजवलं तर नत्र बराचसा शेतात राहतो. राबातला खरा तोटा हा होता, आणि तो मान्य करायला लाज नको.

मग राब गेला कुठे?

1949 साली कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. फाळणीत घरदार गमावून आलेल्या सिंधी कुटुंबांनी लष्करी बराकींत संसार थाटला आणि शहर उभं केलं. अंबरनाथला कारखाने आले, मग बदलापूरपर्यंत इमारती. यात कुणा एकाचा दोष नाही. पण सगळ्यात आधी विकली गेली ती वरकस. "तिच्यात काय पिकतं?" म्हणून. ती गेली तसा टहाळ गेला, गवत गेलं, गुरं कमी झाली आणि राब फक्त नावापुरता उरला. खाचर आहे, पण त्याला माती पुरवणारी जमीन नाही, अशी आज कितीतरी जणांची गत आहे.

त्यात नदीचं दुखणं. ज्या वालधुनीच्या काठी शिलाहारांच्या काळात, 1060 साली, अंबरनाथचं शिवमंदिर उभं राहिलं, तिच्यात रसायनाचं सांडपाणी मिसळतं हे जगजाहीर आहे. तेव्हा एक कळकळीचं सांगणं. गाळाची माती काळी आणि फुकट दिसते म्हणून त्या काठावरून उचलून ट्रेत भरू नका. माती बनवताना पहिला प्रश्न, ती आली कुठून.

राबातलं काय ठेवायचं, काय सोडायचं

धग ठेवा, जाळ सोडा. 1976 साली इस्रायलमध्ये काटान आणि सहकाऱ्यांनी ओल्या मातीवर प्लास्टिक अंथरून नुसत्या उन्हानं रोगजंतू मारता येतात हे दाखवलं. आपल्याकडे एप्रिल-मेचं ऊन फुकट आहे. वाफा तयार करा, चांगला भिजवा, पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं दाबा, 4 ते 6 आठवडे ठेवा. काळं प्लास्टिक नको. माती कोरडी असेल तर उपयोग कमी, ओलसर उष्णता आत जास्त मुरते.

राख ठेवा, पण तुसाची. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भात लागवडीत हेच पहिलं सूत्र आहे. गिरणीतल्या तुसाची काळसर राख गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. तिच्यातल्या सिलिकानं रोप कणखर होतं. पांढरी फटक जळलेली राख नको. लाकडाची राख घालत असाल तर हात आखडता ठेवा, आणि राख व युरिया एकत्र कधीच नको, अमोनिया उडून जातो.

टहाळ ठेवा, पण गिरीपुष्पाचा, आणि तो जाळायचा नाही, चिखलात गाडायचा. बांधावर लावा. आपली छोटीशी वरकस समजा.

शेण कुजवा.

चटई किंवा ट्रेतल्या भातरोपासाठी 10 पाट्यांचा हिशेब असा: चाळलेली स्वच्छ माती 7, पूर्ण कुजलेलं शेणखत 2, तुसाची काळी राख 1. थर साधारण 4 सेंमी. खत हातात घेऊन वास घ्या, शेणाचा वास आला तर ते अजून तयार नाही. भाजीच्या ट्रेला मातीचा भाग कमी करून कोकोपीट घ्या, पण ते आधी दोन-तीनदा धुऊन मीठ काढून टाका.

रोप लावायचंच नाही अशीही वाट आहे. शेजारच्या नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र बसवलं, त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, म्हणून रोपवाटिकाही नाही. ज्यांना मजूर मिळत नाहीत त्यांनी जरूर बघावं.

घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा, राब कुठल्या झाडाचा चांगला, पेटवायचा कधी, थर किती. तुमच्या गावात त्याला राब म्हणतात, भाजावळ म्हणतात की आणखी काही, तेही खाली लिहा. जंगलवाल्यांशी भांडून टिकवलेली विद्या आहे ही. लाकूड जाळायचं थांबवू, पण विद्या विसरायला नको.